सरकारनं तेल बदललं तर माणूस बदलतो का? मॉरिशसहून एक प्रश्न

शेवग्याची शेंग
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं मॉरिशसला आहोत, कात्र बोर्न गावात. परवा बाजाराच्या दिवशी भाजीला गेले तर मंडईच्या तोंडाशी आरोग्य खात्याची गाडी उभी. आत दोन नर्स. वजन, रक्तदाब, बोटाला सुई टोचून साखर, सगळं फुकट. म्हटलं आपणही करून घ्यावं. माझ्या पुढे एक काका होते. त्यांची साखर तेराच्या वर निघाली. इथलं माप वेगळं, आपल्या हिशेबात दोनशे चाळीसच्या आसपास. नर्सबाईंनी क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, त्यांना चांगलं झापलं आणि हातात एक रंगीत पत्रक ठेवलं: ताटाचं चित्र, अर्धं ताट भाजी वगैरे.

काका खाली उतरले ते थेट समोरच्या धोल पुरीच्या रांगेत. धोल पुरी इथे जोडीनंच मिळते, एक मागितली तर विकणारा आपल्याकडेच विचित्र बघतो. काकांनी उभ्या उभ्या जोडी संपवली, खिशातून ते पत्रक काढलं आणि त्याला तेलकट बोटं पुसली.

मला हसू आलं आणि मग रात्री झोप लागेना. या देशात दर पाच मोठ्या माणसांमागे साधारण एकाला मधुमेह आहे. दवाखाना फुकट, शाळेच्या कॅन्टीनमध्ये कोल्ड्रिंकला बंदी, कोल्ड्रिंकवर साखरेच्या ग्रॅमप्रमाणे कर. एवढं करूनही आकडा हलत नाही. तर प्रश्न असा, की कुठल्याही सरकारी धोरणानं लोकांचं खाणं खरंच बदललेलं तुम्ही पाहिलंय का? की हे सगळं पत्रकापुरतंच?

स्वार्थही सांगून टाकते. इथल्या मराठी मंडळानं पुढच्या महिन्यात बायकांच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. कधीकाळी आहारशास्त्र शिकले होते हे त्यांना कुठून कळलं देव जाणे. पत्रक वाचून दाखवायचं नाही एवढं ठरलंय. काय बोलू?

चिवडा
पयला नंबर! धोल पुरी म्हणजे पुरणपोळीची बिनगुळाची बहीण का? फोटो नाही तर धागा फाऊल.

शेवग्याची शेंग
@चिवडा, सख्खी बहीण. मैद्याची पातळ पोळी, आत वाटलेली पिवळी डाळ, वर घेवड्याच्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय (मसालेदार रस्सा) आणि मिरचीची चटणी. कागदात गुंडाळून देतात. फोटो काढायला हात मोकळे नसतात हो.

मुलुंडकर
माझं मत आधीच सांगतो, मग शिव्या घाला. सरकारनं रस्ते करावेत, पाणी द्यावं, दवाखाना चालवावा. ताटात डोकावू नये. काका सज्ञान आहेत, आकडा त्यांना कळलाय, धोल पुरीही त्यांनीच निवडलीय. ज्याची त्याची जीभ.

रक्तदाब
@मुलुंडकर, सरकार ताटात आधीपासूनच बसलेलं असतं, दिसत नाही इतकंच. आणि याचं सगळ्यात भारी उदाहरण नेमकं मॉरिशसचंच आहे. शेंगताई, तुम्ही सोन्याच्या खाणीवर बसून विचारताय सोनं कुठे मिळतं!

मी फिजिशियन आहे, शिकत असताना हा किस्सा आम्हाला एका सरांनी सांगितला होता. १९८७ साली तिथे मोठी पाहणी झाली. मधुमेह आणि हृदयविकाराचे आकडे बघून सगळे हादरले. मग सरकारनं नेहमीचे उपाय केलेच: रेडिओ, शाळा, पत्रकं. पण त्याबरोबर एक गोष्ट गुपचूप केली. तिथे रेशनवर स्वस्त तेल मिळायचं आणि बहुतेक घरांत तेच वापरायचे. ते मुख्यतः पाम तेल होतं. सरकारनं नियम बदलला आणि त्या रेशनच्या तेलाचं सोयाबीन तेल झालं. बाईनं दुकानात तीच पिशवी पुढे केली, तेच पैसे दिले, घरी येऊन तीच भजी तळली.

पाच वर्षांनी, १९९२ ला, पुन्हा पाहणी झाली. सरासरी कोलेस्टेरॉल ५.५ वरून ४.७ वर. आपल्या मापात सुमारे २१३ वरून १८२. एका माणसाचं नाही हो, अख्ख्या लोकसंख्येची सरासरी! माझ्या एका पेशंटचं एवढं उतरवायचं तर मला गोळी लिहावी लागते आणि तो ती घेतोय ना हे त्याच्या बायकोला विचारावं लागतं. त्याच पाच वर्षांत पुरुषांतलं सिगारेटचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून ४७ वर आलं, रक्तदाबही थोडा उतरला.

ज्याची त्याची जीभ म्हणता, तर जिभेला कळलंसुद्धा नाही.

गोदाकाठ
डॉक्टर, दंडवत. हे माहीतच नव्हतं.

तिरकस
डॉक्टरसाहेब, अर्धी गोष्ट सांगितलीत. त्याच पाच वर्षांत वजनं वाढली. जाड माणसांचं प्रमाण वर गेलं आणि साखरेचा आकडा जिथल्या तिथे. शस्त्रक्रिया यशस्वी, पेशंट जाड. पाम काय आणि सोयाबीन काय, एका चमच्यातल्या कॅलरी त्याच. तळणं थांबलं नाही, चालणं वाढलं नाही.

रक्तदाब
@तिरकस, मान्य, तेच लिहायला येत होतो. तेल बदलल्यानं धमन्यांचं भलं होतं, पोटाचा घेर त्यातून उतरत नाही. मोकळ्या वेळातला व्यायाम तेव्हा थोडा वाढला होता, पण बायकांचा आकडा १ टक्क्यावरून ३ च्या आत, म्हणजे नसल्यातच जमा. तेल बदलायला एक अधिसूचना पुरते. माणसाला खुर्चीतून उठवायची अधिसूचना अजून कोणाला लिहिता आलेली नाही.

पाटावरची
पाम तेलावरून आठवलं. आपल्याकडे २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला होता. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. आमच्या कामवाल्या मावशी ती पिशवी घेऊन किती खुशीत आल्या होत्या. मी काही बोलले नाही. सणाच्या तोंडावर कुणाच्या पिशवीतल्या तेलाला नावं ठेवायची नसतात. पण डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून वाटलं, त्या पिशवीत काय घालायचं हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवलंच असेल ना? तेव्हा किंमत सोडून दुसरं काही विचारात आलं असेल का?

मुलुंडकर
@पाटावरची, गरिबाला स्वस्त हवं असतं. सोयाबीन घातलं असतं तर शंभरात बसलं असतं का?

पाटावरची
नसतं बसलं कदाचित. म्हणूनच विचारतेय, फरक कोणी भरायचा? आता सरकार की नंतर हॉस्पिटलात मावशी?

नांगरटाक्या
राम राम. बावीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली काही पॅसिफिकमधल्या बेटांवर माल टाकण्यात. त्यामुळे या विषयात माझाही थोडा पापाचा वाटा आहे.

तुम्ही पाम तेलाचं बोलताय. मी तुम्हाला टर्कीची शेपटी सांगतो. टर्की म्हणजे ती मोठी कोंबडी, अमेरिकेत सणाला भाजतात. तिच्या बुडाशी एक चरबीचा गोळा असतो. अमेरिकेत तो फारसं कोणी खात नाही. मग तो गोठवून जायचा कुठे, तर सामोआला. तसंच न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या मेंढीच्या पोटाकडच्या पट्ट्या, जवळजवळ अर्धी चरबी. स्वस्त म्हणून फिजी, टोंगात खपायच्या. रीफर कंटेनरचं दार उघडलं की थंड वाफेत खोक्यांच्या थप्प्या, आणि बंदरावरचे हमाल, एकेक माणूस दारात मावणार नाही असा, हसत हसत ती खोकी उतरवून घ्यायचे. तेव्हा काही वाटलं नाही. माल तो माल.

फिजीनं २००० साली त्या मेंढीच्या पट्ट्यांची विक्री बंद केली. सामोआनं २००७ ला शेपटीवर बंदी घातली. पुढे जागतिक व्यापार संघटनेत शिरायची वेळ आली तेव्हा सांगण्यात आलं, अशी सरसकट बंदी चालायची नाही. २०१२ ला सामोआ सभासद झाला, बंदी उठवायची कबुली देऊन. त्या जागी जबर आयात कर लावायची मुभा मिळाली.

@मुलुंडकर, 'ज्याची त्याची जीभ' हे सामोआच्या माणसाला सांगा. जीभ त्याची, शेपटी दुसऱ्याची.

चिवडा
म्हणजे जागतिक व्यापाराचं शेपूट वाकडं ते वाकडंच. (हलकंच घ्या.)

मुलुंडकर
@नांगरटाक्या, हा मुद्दा लागला. आपण जे कचऱ्यात टाकतो ते दुसऱ्याला स्वस्तात विकायचं आणि वर मुक्त बाजार म्हणायचं, हे काही मलाही पटत नाही. कर लावा, हरकत नाही. बंदीला अजूनही विरोधच आहे. बंदी घातली की लोकांना तीच गोष्ट जास्त गोड लागते. आमच्याकडे गुटख्याचं काय झालं ते बघा, टपरीवाला फक्त डबा खाली ठेवतो.

गोदाकाठ
पण मला वाटतं यात जीन्सचाही भाग असणार. बेटावर पूर्वी उपासमार व्हायची, ज्यांचं शरीर चरबी साठवू शकलं तेच टिकले, असं कुठेतरी वाचलंय.

रक्तदाब
@गोदाकाठ, ती जेम्स नील यांची १९६२ ची कल्पना, काटकसरी जनुकाची. ऐकायला फार सुबक आहे, म्हणूनच जपून वापरावी. मॉरिशसचीच १९८७ ची पाहणी घ्या. तिथे भारतीय, आफ्रिकी वंशाचे क्रिओल आणि चिनी असे तिन्ही वंशांचे लोक एकाच बेटावर राहतात. मधुमेह तिघांतही भरपूर निघाला. तीन वेगवेगळ्या प्रदेशांतून आलेल्या लोकांच्या जीन्सनी एकदम कट केला असं म्हणायचं, की तिघांनी एकाच दुकानातून सामान आणलं असं म्हणायचं?

नाऊरूचं उदाहरण याहून बोलकं आहे. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट. फॉस्फेट खणून मधला सगळा भाग खडबडीत दगडांचा सांगाडा झालाय, शेती होणार ती किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत. १९७० च्या दशकात फॉस्फेटचा पैसा आला आणि त्यासोबत बोटीतून डब्यातलं मांस, पांढरा तांदूळ, साखर. १९७५ च्या पाहणीत मोठ्या माणसांत तिनात एकाला मधुमेह निघाला. अशा बेटावर 'ताज्या भाज्या खा' असं पोस्टर लावायचं म्हणजे वाळवंटात 'रोज पोहायला जा' म्हणण्यासारखं.

तिरकस
आणि तुमच्या मॉरिशसची गंमत अशी की देश उभा राहिला साखरेवर, आणि कर लावतोय साखरेवर. उसाचा दलाल गोड खाऊ नका सांगतोय.

शेवग्याची शेंग
@तिरकस, हे मला रोज दिसतं. घराच्या मागे क्षितिजापर्यंत ऊस, आणि कांदा-बटाटा घेताना चौकशी केली की बऱ्याचदा उत्तर येतं, बोटीचा आहे. तांदूळ तर सगळा बाहेरचा.

उसाचं पोर
नमस्कार. मी मॉरिशसचाच, जन्म इथला. पणजोबा रत्नागिरीकडून आले होते ऊस तोडायला. माझी मराठी शाळेत शिकलेली आहे, घरी आम्ही क्रिओल बोलतो, चूक झाली तर माफी असावी. शेंगताई, तुम्ही आमच्या मंडळात बोलणार हे वाचून फार आनंद झाला.

ताई, त्या काकांना हसू नका. मी तुम्हाला माझ्या आईचं सांगतो. आई साखर कंपनीच्या शेतात होती. पहाटे चारला उठायची, डब्यात भात आणि भाजी, पाचला लॉरी यायची. जून ते डिसेंबर तोडणी, बाकीचे महिने तण काढणं, खत घालणं. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा भात. ती एका वेळी जेवढा भात खायची तेवढा आज मी बघूनच घाबरतो. पण ती काटक होती, हातावर नुसत्या शिरा.

मग आमची साखर घेणाऱ्या युरोपनं साखरेचा भाव कमी केला, २००६ पासून तीन-चार वर्षांत ३६ टक्के. कारखाने बंद होत गेले, कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली. आईला पैसे मिळाले, जमिनीचा लहान तुकडा मिळाला. त्यावर घर बांधलं. ती घरी बसली, टीव्ही आला. भात मात्र तेवढाच राहिला. पाच वर्षांत साखर लागली. आईनं काही नवीन खायला सुरुवात केली नव्हती, हे मला सांगायचं आहे. तिनं फक्त काम सोडलं, म्हणजे कामानं तिला सोडलं.

मी एबेनला सायबर सिटीत नोकरी करतो. नऊ तास खुर्ची. मुलगा शाळेत बसनं जातो, २००५ पासून विद्यार्थी आणि म्हाताऱ्यांना बस फुकट आहे. चांगली योजना आहे, आईला देवळात, दवाखान्यात एकटीला जाता येतं. पण आता ती एका थांब्यासाठीही बसची वाट बघते. पाच मिनिटांचा रस्ता, वीस मिनिटं बाकावर. फुकट आहे ना!

आणि एक. सरकार कोल्ड्रिंकवर कर घेतं ते खरं, पण पीठ आणि पाव स्वस्त राहावा म्हणून पैसेही सरकारच देतं. सकाळी आमच्या घरी दिपें, म्हणजे पाव. दुपारी भात, संध्याकाळी परत दिपें. पावाचा भाव वाढवला तर लोक रस्त्यावर येतील. कुठलाही मंत्री तो धोका घेणार नाही.

पाटावरची
@उसाचं पोर, तुमची मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे हो. 'कामानं तिला सोडलं' इथे थांबले थोडा वेळ.

मुलुंडकर
+१. आमच्या गिरणगावातल्या आजोबांची हीच कथा. संपानंतर.

नांगरटाक्या
चालण्याचा विषय निघालाच आहे तर टोंगाच्या राजाची गोष्ट सांगतो. राजे चौथे तौफाआहाउ तुपौ. १९७६ ला त्यांचं वजन २०९ किलोच्या वर भरलं होतं, जगातला सर्वात वजनदार राजा म्हणून गिनीज बुकात नोंद. तिथे थोराड शरीर म्हणजे मान, आपल्याकडे पूर्वी सावकाराचं पोट असायचं तसं. तर या राजानं १९९० च्या दशकात स्वतः मनावर घेतलं, व्यायाम सुरू केला आणि जवळजवळ एक तृतीयांश वजन उतरवलं. प्रजेसाठी वजन उतरवायच्या स्पर्धा ठेवल्या, बक्षिसं लावली.

आता तुम्ही विचाराल देश बारीक झाला का? नाही झाला. राजा झाला.

तिरकस
राजाला व्यायामाला वेळ होता, माळी होता, स्वयंपाकी होता. हमालाला ती खोकी होती.

रक्तदाब
थोडं राजाच्या बाजूनं. जिथे जाडी म्हणजे प्रतिष्ठा, तिथे सर्वात मोठ्या माणसानं सर्वांसमोर घाम गाळला याला किंमत आहे. पण टोंगानंही पुढे २०१३ पासून कोल्ड्रिंकवर कर लावलाच. बार्बाडोसनं २०१५ ला १० टक्के लावला, २०२२ ला तो २० केला, आणि २०२३ ला अशा छोट्या बेटांच्या देशांनी तिथेच ब्रिजटाऊनला एकत्र बसून जाहीरनामाही काढला. एकट्या बेटाचं मोठ्या कंपन्यांपुढे काही चालत नाही, गट करून बोलले तर निदान ऐकून घेतात.

गोदाकाठ
शेंगताईंच्या दहा मिनिटांचं काय झालं पण? आपण सगळे पॅसिफिकमध्ये पोहोचलो.

चिवडा
त्या बिचाऱ्या पत्रकाला बोटं पुसत असतील.

शेवग्याची शेंग
आले, आले. कार्यक्रम कालच झाला, म्हणून गायब होते.

तुमचे सगळे प्रतिसाद वाचून भाषण तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. शेवटी कागद नेलाच नाही. साधारण तीस-पस्तीस बायका. मी विचारलं, तुमच्या घरी महिन्याला तेल किती लागतं? आधी कोणी बोलेना. मग एक म्हणाली तीन बाटल्या. दुसरी म्हणाली पाच. चौघांचं घर, पाच लिटर! मग एकदम गलका सुरू झाला, कोण तळणीचं तेल परत वापरतं, कोणाची सून ओतून देते, कोणाच्या सासूला ते सहन होत नाही. माझी दहा मिनिटं त्यातच संपली. मी स्वतः फार तर चार वाक्यं बोलले असेन. ८७ सालच्या तेलाची गोष्ट सांगितली, तर मागून एक आजी म्हणाल्या, "तेव्हा बाटली गोठायची बंद झाली, आम्हाला वाटलं दुकानदार भेसळ करतो." मला काटा आला अंगावर. डॉक्टर, तुमचा तो आकडा समोर लुगडं नेसून बसला होता.

चालण्याबद्दल विचारलं तर उत्तर सरळ आलं: कुठे चालू? रस्त्याला फूटपाथ नाही, दोन्ही बाजूंना उभा ऊस, सहाला अंधार, गाड्या सुसाट. महिला केंद्रात व्यायामाचा वर्ग आहे, तो चारला. चारला पोरं शाळेतून येतात. मग तिथेच ठरलं, देवळाच्या आवारात शनिवारी सकाळी सहाला जमायचं आणि झाकरी नाचायची. कोकणातून पणज्यांनी आणलेला नाच आहे, पायांना सांगावं लागत नाही. पहिल्या शनिवारी किती येतात बघू. मला पाच जणी आल्या तरी चालतील.

उसाचं पोर
ताई, माझी आई येणार आहे. मी विचारलं कशी जाशील, तर म्हणते बस आहे ना.

तिरकस
कार्यक्रमानंतर खायला काय होतं ते नाही सांगितलंत.

शेवग्याची शेंग
रताळ्याच्या करंज्या. आत खोबरं-साखर. गातो पातात म्हणतात इथे.

तिरकस
भाजलेल्या?

शेवग्याची शेंग
तळलेल्या. सोयाबीनमध्ये.

चिवडा
पाककृती द्या ताई. वेगळा धागा काढा, इथे अवांतर होईल.